२ लिटर पेट्रोल इंजिन नव्याने बांधणे : कोणते पार्ट घ्यावेत, कोणते मूळचेच ठेवावेत?

चौथा_गिअर

इंजिन उघडण्याआधी पार्टची यादी पक्की करायची आहे.

इंजिन : चार सिलेंडर, बोअर ८६ मिमी, स्ट्रोक ८६ मिमी, म्हणजे १९९८ सीसी. कनेक्टिंग रॉड १४४ मिमी. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं, दोन कॅमशाफ्ट, १६ व्हॉल्व्ह, टर्बो नाही. मूळ कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते गुणोत्तर) ९.६, मूळ ताकद १३० बीएचपी, रेड लाइन ६५०० आरपीएम.

लीकडाउन टेस्टमध्ये (सिलेंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती मोजतात) १, २ आणि ४ नंबरला १२ ते १५ टक्के गळती, ३ नंबरला २८ टक्के. ३ नंबरची हवा तेल भरायच्या झाकणातून येते. एक्झॉस्टमधून आवाज नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत.

अपेक्षा : गाडी रोज चालवायची, पेट्रोल ९५ ऑक्टेन, आयडलिंग शांत, ताकद १७० बीएचपीच्या आसपास. टर्बो नको.

सध्याची यादी : ११.५ कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, २८० अंशांचे कॅम (व्हॉल्व्ह क्रँकच्या तितक्या अंशांत उघडा राहतो), एच-बीम रॉड (एच आकाराच्या छेदाचे), १.५ मिमीचं जाड मेटल गॅस्केट, हलकं फ्लायव्हील, ॲल्युमिनियमची क्रँक पुली, ४४० सीसीचे इंजेक्टर. यात काय चुकतंय ते सांगा.

मायक्रोमीटर

यादीतला एकेक पार्ट सुटा पाहिला तर चांगला आहे, पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. ११.५ चे पिस्टन आणि कॉम्प्रेशन उतरवणारं जाड गॅस्केट एकाच यादीत आहेत, म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेतलंत.

सुरुवात पिस्टनपासून करू नका. आधी इंजिन किती आरपीएमपर्यंत फिरवायचं ते ठरवा. त्यावरून कॅम ठरतो, कॅमवरून कॉम्प्रेशन, कॉम्प्रेशनवरून पिस्टन. रॉड आणि बोल्ट कोणते लागतील तेही आरपीएमच सांगतो.

आरपीएमचा भार वर्गाने वाढतो. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून अर्धा किलो धरा. तुमच्या स्ट्रोकला आणि रॉडला ६५०० वर वरच्या टोकाला (टीडीसी) रॉडवर सुमारे १.३ टनांची ओढ येते. ७२०० वर ती १.६ टनांच्या पुढे जाते आणि ७५०० ला १.७५ टन होते. म्हणजे ६५०० वरून हजार आरपीएम वाढवले की भार ३३ टक्के वाढतो. पिस्टनचा सरासरी वेग ७५०० ला सेकंदाला २१.५ मीटर होतो.

२ लिटरमधून १७० बीएचपी काढायला ७५०० ची गरज नाही. ताकदीचा माथा ६८०० ते ७००० च्या दरम्यान आणि लिमिटर ७२०० वर ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्यातून सोपे होतील.

आणि ब्लॉक मोजल्याशिवाय पिस्टनची ऑर्डर देऊ नका. बोअर गेजने प्रत्येक सिलेंडर तीन उंचींवर मोजा : वरच्या रिंगच्या वळणाच्या जरा खाली, मध्ये आणि तळाला. प्रत्येक उंचीवर दोन मापं, एक क्रँकच्या दिशेने आणि एक आडवं. जास्तीत जास्त झीज नेहमी वर आणि आडव्या दिशेला सापडते, कारण पिस्टन तिकडेच दाबला जातो. २८ टक्के गळतीवरून ३ नंबरला टेपर (वर जास्त, खाली कमी झीज) असणार असं दिसतं, पण तुटलेली रिंगही असू शकते. मापाशिवाय ते कळणार नाही.

ओव्हरलॅप

कॅमबद्दल मी सविस्तर लिहितो, कारण रोजच्या गाडीची चव तिथेच बिघडते.

२८० अंशांचा इनटेक कॅम ११० अंशांच्या सेंटरलाइनवर (व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो तो क्रँकचा कोन) बसवला तर व्हॉल्व्ह तळाच्या बिंदूनंतर (बीडीसी) ७० अंशांनी बंद होतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि व्हॉल्व्ह अजून उघडा, त्यामुळे कमी आरपीएमला आत आलेली हवा परत इनटेकमध्ये ढकलली जाते. ७००० ला हवेच्या वेगामुळे हाच उशीर फायद्याचा ठरतो, पण २००० ला गाडी ओढत नाही.

शिवाय ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढला की आयडलिंगला मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो. त्याचे दोन परिणाम लगेच जाणवतात : ब्रेक बूस्टर कमजोर होऊन पेडल जड लागतं, आणि मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) चालणारा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गोंधळून आयडल वरखाली करतो.

तुमच्या कामाला २६० ते २६४ अंश पुरेत, लिफ्ट (व्हॉल्व्ह किती उचलला जातो ते) मूळपेक्षा एक-दीड मिमीने जास्त. कॅमची तुलना करताना जाहिरातीतल्या अंशांवर जाऊ नका. कुणी ०.१ मिमी लिफ्टपासून मोजतो, कुणी ०.२ पासून. १ मिमी किंवा १.२७ मिमी लिफ्टवरचे अंश मागा आणि तेच एकमेकांशी ताडून बघा.

चौथा_गिअर

आरपीएम ७२०० वर आणि कॅम २६४ वर नक्की करतो. मग कॉम्प्रेशन किती ठेवावं? हिशोब कसा करायचा तो एकदा मांडून दाखवाल का?

मायक्रोमीटर

बोअर ८६.५ ला जाईल असं धरून करतो. झीज कमी निघाली तर आकडे बदला, पद्धत तीच.

सिलेंडरचं आकारमान : ८६.५ मिमी बोअर आणि ८६ स्ट्रोकला ५०५.४ सीसी.

आता पिस्टन वर असताना उरणारी जागा. हेडचा चेंबर ४२ सीसी (हे उदाहरण आहे, तुमचा मोजावा लागेल). गॅस्केट १.० मिमी, भोक ८७.५ मिमी, म्हणजे ६ सीसी. पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागाच्या) ०.२ मिमी खाली थांबतो, त्याचे १.२ सीसी. पिस्टनमधले व्हॉल्व्हचे खळगे ५ सीसी. बेरीज ५४.२.

कॉम्प्रेशन म्हणजे (५०५.४ + ५४.२) भागिले ५४.२. उत्तर १०.३.

ब्लॉकचं फेसिंग करून (वरचा पृष्ठभाग कापून) ते ०.२ मिमी काढून टाकले तर जागा ५३ सीसी होते आणि कॉम्प्रेशन १०.५. मी इथेच थांबेन.

हा झाला कागदावरचा आकडा. खरं दाबणं इनटेक व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सुरू होतं, म्हणून तेव्हापासून उरलेला स्ट्रोक धरून गुणोत्तर काढायचं. २६४ चा कॅम ६२ अंशांना बंद होतो. तेव्हा पिस्टनचा ६८.३ मिमी प्रवास शिल्लक असतो आणि गुणोत्तर येतं ८.६. मध्यभागी प्लग असलेल्या चार व्हॉल्व्हच्या हेडला ९५ ऑक्टेनवर हे झेपतं. तेच गणित ११.५ कॉम्प्रेशन आणि २६० च्या कॅमला केलं तर ९.५ येतं. तिथे नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारी ठोक) टाळायला इग्निशन इतकं मागे घ्यावं लागेल की वाढवलेल्या कॉम्प्रेशनचा फायदा हातातून जाईल आणि एक्झॉस्ट तापेल तो वेगळाच. उलट मूळच्या ९.६ वर २८० चा कॅम बसवला तर ७.३५ येतं. ते इंजिन खालच्या आरपीएमला अगदी मरगळलेलं असेल.

चेंबर मोजण्याची रीत : व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, व्हॉल्व्हच्या कडेला ग्रीसचा पातळ हात द्या. हेड उलटं ठेवून किंचित तिरकं करा. भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी ग्रीस लावून चेंबरवर चिकटवा, भोक सगळ्यात वरच्या कडेला. ब्युरेटमधून रंगीत पाणी किंवा पातळ तेल सोडा. शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की आकडा वाचा. चारही चेंबर मोजा. अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक असेल तर लहान चेंबर मोठे करून सारखे करतात. मोठा लहान करता येत नाही.

टॉर्करेंच

जाड गॅस्केटचा मुद्दा राहिला. १.५ मिमीने कॉम्प्रेशन १०.५ वरून १०.० वर येईल, पण खरं नुकसान वेगळंच आहे. पिस्टनचा सपाट कडेचा भाग आणि हेडचा सपाट भाग यांच्यातली फट ज्वलन घडवण्यात मोलाची असते. पिस्टन वर येताना तिथलं मिश्रण जोराने मधल्या चेंबरकडे फेकलं जातं, घुसळण होते, ज्वाला वेगाने पसरते. स्टीलच्या रॉडला ही फट ०.९ ते १.१ मिमी ठेवावी. १.५ वर गेलात तर घुसळण मंदावते, कडेला मिश्रण रेंगाळतं आणि तेच शेवटी आपोआप पेटतं. म्हणजे नॉकिंग कमी करायला जाड गॅस्केट घातलं आणि नॉकिंग होण्याचीच सोय केली.

कॉम्प्रेशन कमी हवं असेल तर खळग्याचा पिस्टन घ्या, फट तशीच ठेवा. तुमच्या बाबतीत डेक शून्यावर आणि गॅस्केट १.० मिमी, म्हणजे फट बरोबर १.० मिमी. हिशोबात गॅस्केटची दाबल्यानंतरची जाडी धरायची, पाकिटातली नव्हे.

एमएलएस (पत्र्याच्या अनेक थरांचं) गॅस्केट घेणार असाल तर पृष्ठभाग गुळगुळीत हवा, १ मायक्रॉन आरएच्या (खरखरीतपणाचं माप) आसपास. जुन्या दगडाने घासलेल्या खरखरीत पृष्ठभागावर ते पाणी धरत नाही. वर सीलंट फासून ही उणीव भरून निघत नाही. इतकं फेसिंग जमत नसेल तर चांगल्या प्रतीचं कंपोझिट गॅस्केट बरं.

बिडाचा_ब्लॉक

पिस्टनच्या धातूबद्दल. 'फोर्ज्ड' एवढंच पाहून घेऊ नका. ४०३२ मिश्रधातूत सिलिकॉन साधारण १२ टक्के असतं. तो कमी प्रसरण पावतो, म्हणून सिलेंडरमध्ये घट्ट बसवता येतो, ८६.५ ला ४० ते ५० मायक्रॉन. २६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य. तो नॉकिंगचे घाव जास्त सोसतो, पण फुगतो जास्त, म्हणून ७० ते १०० मायक्रॉन फट मागतो. थंड इंजिनला पिस्टन खडखडतो आणि रोज सकाळी थंड सुरू होणाऱ्या गाडीत रिंगांच्या खाचा लवकर झिजतात.

टर्बो नाही, रोजची गाडी, ७२०० आरपीएम. ४०३२ घ्या. अंतिम फट मात्र पिस्टनच्या सोबतच्या कागदावर असेल तीच ठेवायची, आणि पिस्टन त्यांनी सांगितलेल्या उंचीवरच मोजायचा. स्कर्ट पिंपासारखा फुगीर असतो. पाच मिमी वरखाली मोजलं तरी माप चुकतं.

क्रम असा ठेवा : मोजणी, ओव्हरसाइज ठरवणं, पिस्टन हातात येणं, आणि मग बोअरिंग. चारही पिस्टन मोजून प्रत्येकाचं सिलेंडर त्याच्या मापाने करायचं आणि पिस्टनवर नंबर टाकायचे. मोजताना ब्लॉक, पिस्टन आणि मायक्रोमीटर रात्रभर एकाच खोलीत राहिलेले हवेत. दहा अंशांच्या फरकाने या मापाचा ॲल्युमिनियमचा पिस्टन १६ ते १९ मायक्रॉनने बदलतो आणि बिडाचं सिलेंडर ९-१० ने. ४५ मायक्रॉनची फट राखायची असताना ही चूक परवडत नाही.

चौथा_गिअर

एच-बीम रॉडची गरज आहे का? मूळचे रॉड फोर्ज्ड स्टीलचे आहेत.

टॉर्करेंच

७२०० ला नाही. टर्बो नसलेल्या इंजिनात रॉड ज्वलनाच्या दाबाने मोडत नाही, ओढीने जातो. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी पिस्टन वर थांबवून परत खाली ओढायचा असतो आणि तेव्हा वरून दाब देणारं ज्वलन नसतं. ती सगळी ओढ बिग एंडच्या (रॉडचं क्रँकवर बसणारं टोक) दोन बोल्टवर येते. म्हणून पैसे बोल्टवर घाला.

मूळचे रॉड क्रॅकसाठी मॅग्नेटिक टेस्ट करून घ्या, वाकलेत का आणि पिळलेत का ते तपासा, नवे चांगल्या प्रतीचे बोल्ट घाला. बोल्ट बदलला की बिग एंडचा गोल बिघडतो, कारण नवा बोल्ट कॅपला वेगळ्या ताकदीने आणि किंचित वेगळ्या जागी दाबतो. त्यामुळे नवे बोल्ट कसून बिग एंड पुन्हा होन करणं (बारीक दगडाने घासून गोल करणं) आलंच. हे टाळून बोल्ट तेवढे बदलले तर बेअरिंग अंडाकृती भोकात बसतं आणि तेलाचा थर तुटतो. रॉड क्रॅक-कॅपचे असतील, म्हणजे मोडून जोडलेले, तर कॅप घासून बिग एंड दुरुस्त करता येत नाही. ओव्हरसाइज बाहेरच्या व्यासाचं बेअरिंग मिळत नसेल तर तिथे नवे रॉड घेणं सरळ पडतं.

बोल्ट कसताना शक्य असेल तर ताण मोजा. बोल्टची मोकळी लांबी मायक्रोमीटरने घ्या, कसा, परत घ्या. निर्मात्याने दिलेली वाढ आली की झालं. टॉर्क रेंचवर लावलेल्या जोराचा जेमतेम दहावा भाग बोल्ट ताणतो, बाकीचा डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. म्हणूनच साध्या तेलाने कसलेला आणि सोबत आलेल्या ल्युब्रिकंटने कसलेला बोल्ट एकाच आकड्याला वेगवेगळा ताणला जातो.

हेड बोल्ट कोनावर कसायचे असतील, म्हणजे आधी टॉर्क आणि मग ९० अंश वगैरे, तर जुने परत वापरू नका. ते एकदा कायमचे ताणले गेलेले असतात.

फिलरगेज

क्रँकचं विसरू नका. जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग) नीट असतील तर पॉलिश एवढंच करा. ०.२५ मिमी अंडरसाइज ग्राइंडिंग करावंच लागलं तर जर्नलच्या कोपऱ्यातला गोलावा मूळ त्रिज्येचा राहिला पाहिजे. तिथे धारदार कोपरा राहिला की क्रॅक तिथूनच सुरू होते.

बेअरिंगची फट : जर्नलच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढी. ४८ मिमीच्या बिग एंडला ४५ ते ५० मायक्रॉन, ५५ च्या मेन बेअरिंगला ५० ते ५५. थ्रस्ट बेअरिंगवर क्रँकची पुढेमागे हालचाल ०.१० ते ०.२५ मिमी.

ओव्हरलॅप

जास्त फिरवायचं म्हणून फट ७० पर्यंत सैल ठेवून घट्ट तेल वापरणं जास्त सुरक्षित नाही का?

फिलरगेज

रेसच्या इंजिनात ते चालतं. तिथे तेल आधी गरम केलेलं असतं, पंप मोठा असतो आणि इंजिन परत लवकर उघडलं जाणार असतं. इथे गाडी रोज थंड सुरू होणार आहे. सैल फटीतून तेल जास्त वाहतं, मग गरम आयडलला दाब पडतो. तो दिसतो म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० घालतो, आणि थंडीत पहिले काही सेकंद हेडमध्ये कॅमपर्यंत तेल उशिरा पोचतं. ५० मायक्रॉनला १०डब्ल्यू-४० ठीक. गरम इंजिनला दर हजार आरपीएममागे साधारण ०.७ बार मिळाला पाहिजे, म्हणजे ७००० ला पाच बारच्या आसपास.

प्लास्टिगेज (बेअरिंगमध्ये चिरडून फट दाखवणारा प्लास्टिकचा धागा) शेवटच्या खात्रीला ठेवा. मुख्य मोजणी मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेजनेच करा. प्लास्टिगेज एकाच जागची फट दाखवतं, अंडाकृती झालेलं भोक दाखवत नाही.

बिडाचा_ब्लॉक

ॲल्युमिनियमची क्रँक पुली यादीतून काढा. मूळची पुली म्हणजे नुसतं चाक नाही. दोन लोखंडी कड्यांमध्ये रबर बसवलेला डॅम्पर असतो तो. प्रत्येक ज्वलनाच्या धक्क्याने क्रँक किंचित पिळतो आणि सुटतो. काही ठरावीक आरपीएमला हे पीळ एकमेकांत मिसळून वाढत जातात, ते शोषायचं काम हा डॅम्पर करतो. क्रँकच्याच नाकावर ऑइल पंपाचे गिअर बसलेले असतील तर ते सिंटर्ड धातूचे, ठिसूळ. डॅम्पर काढून सात हजाराला फिरवलं की ते तडकण्याचा धोका खरा आहे, आणि ते तडकले की तेलाचा दाब शून्य. पुलीत वाचलेलं वजन याच्यापुढे काहीच नाही. मूळच्या डॅम्परचं रबर चिरलेलं असेल तर तसलाच नवा घ्या.

फ्लायव्हील थोडं हलकं चालेल. फार हलकं केलं तर ट्रॅफिकमध्ये क्लच सोडताना गाडी बंद पडायला लागते. बिडाचं फ्लायव्हील लेथवर वाटेल तसं घासून हलकं करू नका. ते फुटलं तर पायाशी फुटतं. स्टीलचं, या कामासाठीच बनवलेलं घ्या.

ओव्हरलॅप

हेडवर थोडं जास्त लिहितो, १७० बीएचपीतला मोठा वाटा इथून येणार आहे.

पोर्ट मोठे करण्याच्या मागे लागू नका. पोर्ट रुंद केला की हवेचा वेग पडतो आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क जातो. काम करायचं ते व्हॉल्व्हच्या सीटच्या आगेमागे एक-दीड इंचात. सीटखाली कास्टिंगची पायरी राहिलेली असते, ती सरळ मिसळवा. आतल्या वळणाची छोटी बाजू गोलसर करा, पण खोल खणू नका. इनटेक पोर्ट आरशासारखा करायची गरज नाही. एक्झॉस्टचा गुळगुळीत केलात तर काजळी कमी धरते.

सीट तीन कोनांत कापा : ४५ अंशांची मूळ सीट, वर ३०, खाली ६०. रुंदी इनटेकला १.० ते १.२ मिमी, एक्झॉस्टला १.५ ते १.८. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता मुख्यतः सीटमधूनच हेडमध्ये उतरते, त्यामुळे ती अरुंद केली तर व्हॉल्व्ह जळतो. गाइड सैल असतील तर ते आधी बदलायचे आणि मग सीट कापायची. उलट केलं तर सीट आणि गाइड एका रेषेत राहत नाहीत.

नव्या कॅमसोबत स्प्रिंग बदलावी लागेल. बसवलेली उंची मोजा, त्यातून कॅमची पूर्ण लिफ्ट वजा करा, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला किमान १ ते १.५ मिमी शिल्लक आहे का बघा. रिटेनर आणि व्हॉल्व्ह सीलमध्येही तेवढंच अंतर हवं. फार कडक स्प्रिंगही नको. ती कॅम आणि टॅपेट खाते.

शेवटची आणि न टाळायची गोष्ट म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली फट. तपासणीपुरत्या कमजोर स्प्रिंग घाला, डायल गेज लावा, क्रँक हाताने फिरवत टीडीसीच्या आधी आणि नंतर प्रत्येकी वीस अंशांत दर दोन अंशांनी मोजा. इनटेक सगळ्यात जवळ येतो टीडीसीनंतर दहाएक अंशांवर, एक्झॉस्ट तेवढाच आधी. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५. एक्झॉस्टला जास्त, कारण तो तापून लांबतो आणि स्प्रिंग उडाली तर पिस्टन त्याच्यामागून येतो. ही तपासणी कॅम डिग्री व्हीलने (क्रँकचे अंश दाखवणारी चकती) जागेवर आणून झाल्यावरच करा. ब्लॉक आणि हेडच्या फेसिंगने कॅम मागे पडतात. ०.२ मिमीला फरक अर्ध्या अंशाच्या आत असतो, पण आधीच्या मालकांनी केलेल्या फेसिंगची भर त्यात पडलेली असते. ॲडजस्टेबल कॅम स्प्रॉकेट त्यासाठीच घ्यायचं.

मायक्रोमीटर

इंजेक्टरचं गणित लहान आहे. टर्बो नसलेलं इंजिन एका बीएचपीला तासाला साधारण २२७ ग्रॅम पेट्रोल पितं. १७५ बीएचपीला ४० किलो, एका इंजेक्टरला १० किलो. ८० टक्के वेळेपेक्षा जास्त उघडा ठेवायचा नाही म्हणून १२.४ किलो, म्हणजे मिनिटाला सुमारे २८० सीसी. ३०० ते ३३० चा इंजेक्टर पुरतो. ४४० चा घेतला तर आयडलला तो इतका कमी वेळ उघडतो की प्रमाण अचूक राहत नाही. वाचलेल्या पैशात वाइडबँड लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा सेन्सर) घ्या. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८६ ते ०.८८.

ईसीयू नव्याने ट्यून केल्याशिवाय यातलं काहीही पुरं होत नाही, तो खर्च यादीत पहिल्या दिवसापासून धरा. एक्झॉस्ट ४-२-१ (चार नळ्या आधी दोन आणि मग एक होणारा) घ्या. मधल्या आरपीएमला तो ४-१ पेक्षा जास्त देतो.

चौथा_गिअर

ब्लॉक मोजून झाला. ३ नंबरला वर ११० मायक्रॉन टेपर, बाकीच्यांना ४० ते ६०. वरची रिंग अख्खी आहे. म्हणजे ८६.५ नक्की. रिंगांची फट किती ठेवू आणि होनिंगला काय सांगू?

टॉर्करेंच

होनिंग टॉर्क प्लेट (हेडच्या जागी कसायची जाड पट्टी) लावूनच, त्याच बोल्टने आणि त्याच गॅस्केटसकट. हेड कसलं की बिडाचं सिलेंडरही थोडं वाकतं. प्लेटशिवाय गोल केलेलं सिलेंडर हेड बसल्यावर गोल राहत नाही. बोअरिंगने शेवटचे ५० ते ८० मायक्रॉन होनिंगला सोडायचे, रेघांचा छेद ४५ अंशांच्या आसपास.

वरच्या रिंगची फट ०.३६ ते ०.३८ मिमी, दुसरीची ०.४३ ते ०.४५. दुसरीची जास्त, म्हणजे दोन रिंगांमध्ये दाब साचून वरची उचलली जात नाही. रिंग सिलेंडरमध्ये पिस्टनने ढकलून सरळ करा, मग फिलर गेज घाला. फट कमी ठेवण्याचा मोह टाळा. ती ०.०५ ने जास्त असेल तर नुकसान जाणवतही नाही. कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतात, रिंगला फुगायला जागा उरत नाही आणि ती पिस्टनची खाचच फोडून काढते.

फिलरगेज

होनिंगनंतरची धुलाई : पेट्रोल किंवा रॉकेलने होनिंगची पूड निघत नाही, ती रेघांत बसून राहते. गरम पाणी, भांडी घासायचा साबण आणि ताठ ब्रश. मग पांढरं फडकं ट्रान्समिशन ऑइलमध्ये बुडवून सिलेंडर पुसा. फडकं राखाडी झालं की परत साबण. ते पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवा. पाणी आटताच तेलाचा हात द्या, बीड काही मिनिटांत गंजतं. तेलाच्या वाहिन्यांचे प्लग काढून आत लांब ब्रश घाला.

जुना ऑइल कूलर साफ होत नाही. जुन्या बेअरिंगचा चुरा आत अडकलेला असेल तर तो नव्या बेअरिंगवर येतो. कूलर नवा घ्या.

पिस्टन पिनचे सर्क्लिप बसवताना त्यांचं उघडं तोंड वर किंवा खाली ठेवा, बाजूला नाही. पिस्टन वरखाली झेपावतो तेव्हा बाजूला तोंड असलेलं सर्क्लिप दाबलं जाऊन सुटू शकतं.

चौथा_गिअर

पहिल्यांदा सुरू करताना काय पाळायचं?

बिडाचा_ब्लॉक

प्लग आणि इंजेक्टरची जोडणी काढून स्टार्टरने फिरवा, तेलाचा दाब गेजवर दिसेपर्यंत. मग प्लग लावा. टॅपेट घासून चालणारे असतील, रोलर नसतील, तर पहिली वीस मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर, वरखाली करत. आयडलला सोडू नका. आयडलला कॅमला तेल कमी मिळतं. जस्त-फॉस्फरसचं प्रमाण चांगलं असलेलं मिनरल तेल घाला. अर्ध्या तासानंतर तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून कागद उलगडून बघा. चमकणारी बारीक धूळ चालेल. तुकडे चालणार नाहीत.

रिंगा आयडलवर बसत नाहीत. त्यांना दाब लागतो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलने वेग वाढवा, मग पाय काढून इंजिनब्रेकवर येऊ द्या. पंधरा-वीस वेळा. ५०० किमीला पुन्हा तेल. सिंथेटिक त्यानंतर.

चौथा_गिअर

सुधारलेली यादी : ४०३२ चे पिस्टन ८६.५, खळगे ५ सीसी. मूळ रॉड, नवे बोल्ट, बिग एंड होनिंग. कॅम २६४, स्प्रिंग आणि स्प्रॉकेट. एमएलएस गॅस्केट १.० मिमी, डेक शून्यावर. मूळ डॅम्पर. स्टीलचं फ्लायव्हील. इंजेक्टर ३३०. नवा ऑइल पंप, नवा कूलर. ४-२-१. वाइडबँड आणि ट्यूनिंग. ब्लॉक बाहेरून रंगवून घेणार आहे. काही राहिलं?

मायक्रोमीटर

रंगवण्याआधी नॉक सेन्सरच्या जागेवर मास्किंग टेप लावा. सेन्सर नुसत्या बिडावर बसला पाहिजे. खाली रंगाचा थर आला तर कंपनं त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. वॉशर घालू नका आणि त्याचा बोल्ट टॉर्कनेच कसा, साधारण २० न्यूटन-मीटर. १०.५ कॉम्प्रेशनवर ट्यूनिंग करताना तुमचा कान तोच आहे.